आधी वाटे विचार

मालवण,
कार्तिकी एकादशीचा दुसरा दिवस

प्रिय मंद्या,

तुझं पत्र आणि प्रश्नावली, दोन्ही मिळालं. डिसेंबरात वर्गातल्या पोरापोरींना घेऊन येतोयस, म्हाताऱ्या रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणाऱ्यांच्या, मुलाखती रेकॉर्ड करायच्यात, हे वाचून फार बरं वाटलं. काल एकादशी, त्यामुळे बाजारात शुकशुकाट होता. म्हटलं, बसून तुला सविस्तर लिहावं.

प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न 'आपल्या जीवनप्रवासाबद्दल सांगा'. हा विचारलास ना, की इथला म्हातारा तुला चहा पाजेल, वादळाची एक गोष्ट सांगेल आणि 'येवा हां परत' म्हणून उठून जाईल. वादळाच्या गोष्टी सगळ्यांकडे तयार असतात. पर्यटकांना, टीव्हीवाल्यांना सांगून सांगून त्या गुळगुळीत झाल्यात. 11 नोव्हेंबर 2009 च्या फयान वादळात इथल्या घरांवर काय गुजरलं ते खरंच आहे, पण ते त्यांना सांगावंसं वाटेल तेव्हा सांगू दे. तू आधी वाटे, म्हणजे मासळीचे हिस्से, विचार. 'तुमच्या रापणीत वाटे कसे पडायचे?' एवढंच.

देवबागच्या एका आबांना मी हे विचारलं. ते म्हणाले, "थांब, तुका दाखवतंय," आणि पानाच्या डब्यातल्या सगळ्या सुपाऱ्या पडवीत ओतल्या. एक मोठी रास जाळ्याची आणि होडीची, म्हणजे ज्यांनी त्यात पैसे घातले त्यांची. तांडेलाला, म्हणजे म्होरक्याला, इतरांपेक्षा जास्त. मग दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला सारखा वाटा. बाजूला दोन सुपाऱ्या देवळाच्या. त्यानंतर आबा जरा थांबले आणि उरलेल्यातली एक फोडलेली सुपारी उचलून पलीकडे ठेवली. ती कोणाची? एका विधवा बाईची. तिचा नवरा याच रापणीत होता, म्हणून तिच्या घरी मासे जायचे. किती वर्षं? "पोरगो मोठो होईसर." मग हिशेबावरून गाडी भांडणांवर, भांडणांवरून माणसांवर आणि माणसांवरून कर्जावर गेली. पान खायचं राहूनच गेलं.

तू रापण फक्त फोटोत पाहिलीयस, म्हणून सांगतो. दोराचं एक टोक किनाऱ्यावर धरून ठेवतात, होडी अर्धगोल फिरून जाळं सोडत दुसरं टोक लांब आणून देते. मग दोन्हीकडून माणसांच्या रांगा ओढायला लागतात आणि ओढता ओढता एकमेकींच्या जवळ सरकतात. पन्नास-साठ माणसं लागायची. वाटेत उभा असलेला पोरगासुद्धा दोराला हात लावायचा, कारण हात लावला की ओंजळभर तारल्या, पेडवे मिळायचे. म्हणूनच म्हणतो, वाट्यांच्या प्रश्नात अख्खा गाव येतो.

पण सावध. 'पूर्वी सगळे एकत्र होते, दर्या भरलेला होता' हे ऐकून पोरं भारावून जातील. तेव्हा लगेच विचारायला शिकव, की जाळ्यासाठी पैसे कोणी दिले होते? नायलॉन येण्याआधी जाळी सुताची असायची. ती सालीच्या काढ्यात बुडवून टिकवावी लागत, तरी कुजत, आणि दरवेळी उसनवारी आलीच. पैसे देणारा व्यापारी मासळी स्वतःच्याच भावाने उचलायचा. ही बाजू कोणी आपणहून सांगत नाही, विचारलं तर मात्र लपवतही नाहीत.

आणि बायकांना वेगळं, नवरा घरात नसताना भेटा. नवरा असला की तोच उत्तरं देतो. इथल्या एका आजीला मी कामाबद्दल विचारलं तर म्हणाली, "माझा कसला काम? मी घराकच होतंय." हे म्हणताना ती बांगडे चिरत होती. मग मी विचारलं, बांगड्याला मीठ किती लावायचं? त्यावर तिने सुरी खाली ठेवली. पावसाआधीच्या माशाला किती आणि थंडीतल्याला किती, पोटात भरायचं किती, थर लावताना वर किती, मीठ शिरोड्याच्या मिठागरातलं असेल तर कसं आणि दुसरं असेल तर कसं. मग खारवलेला माल हाऱ्यात भरून डोक्यावर चौके, कट्टा या गावांपर्यंत पायी, तिथे घरोघर भाताच्या बदल्यात द्यायचा, पायलीने मोजून. कोणत्या घरची बाई माप दाबून भरायची आणि कोणती वरून बोट फिरवायची, हे तिला अजून नावानिशी पाठ आहे. (ती नावं मात्र कागदावर येऊ देऊ नकोस. त्यांच्या सुना-नातवंडं इथेच राहतात.)

साल विचारायच्या भानगडीत पडू नका. '1975 साली काय झालं' याला कोणी उत्तर देणार नाही, किंवा तुझं मन राखायला काहीतरी देईल. त्याऐवजी विचारा, सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, त्याच्या आधी की नंतर? म्हणजे 1981. गिरण्यांचा संप झाला आणि मुंबईतला भाऊ परत आला, तेव्हा? म्हणजे 1982 किंवा पुढे. कोकण रेल्वे आली तेव्हा? म्हणजे 1998. असे खुंट ठोकले की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

आता नाजूक भाग. ट्रॉलर (यंत्राच्या जोरावर जाळं ओढणाऱ्या बोटी) आणि पर्ससीन (माशांचा थवा वेढून खालून आवळायचं मोठं जाळं) यांचा विषय निघणारच. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी कायदाही 1981 चाच. पर्ससीनवर राज्याने 2016 मध्ये निर्बंध आणले, एलईडी दिवे लावून मासेमारीला केंद्राने 2017 मध्ये बंदी केली. तरी रात्री समुद्रात उजेड दिसतो, हे इथलं कोणीही सांगेल. शेजारी गोव्यात तर सत्तरच्या दशकातच माथानी साल्ढाणांसारख्यांच्या पुढाकाराने रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध मोठं आंदोलन उभं केलं होतं. पण पोरांना एक बाजू घेऊन पाठवू नकोस. मी ज्या घरात सगळ्यात जास्त वेळ बसलो, तिथे बाप रापणीचा तांडेल होता आणि मुलाचा मिनी पर्ससीनमध्ये हिस्सा आहे. दोघं एकाच चुलीवरचं जेवतात. बापाने मुलाविरुद्ध जे सांगितलं ते मुलगा बाजूच्या खोलीतून ऐकत होता आणि मधूनच दुरुस्त करत होता. माझ्याकडचं हे सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग.

तुझ्या यादीत एक मोठी उणीव आहे. सगळी नावं गाबितांची, म्हणजे इथल्या मच्छीमार समाजाची, आणि सगळी साठीच्या पुढची. अरे, आज मोठ्या बोटींवर काम कोण करतं? रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जाऊन बघ, खलाशी नेपाळचे, काही कर्नाटकचे. ज्यांनी गावी डोंगर सोडून काही पाहिलं नव्हतं ते इथे जाळी ओढतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी लागली की परत जातात. त्यांचाही वाटा विचार: पगार की हिस्सा, उचल किती, कापून किती. इथल्या बंदराचा पुढच्या पन्नास वर्षांचा इतिहास त्यांच्याकडे आहे आणि तो आज कोणीच टिपत नाही. म्हाताऱ्यांच्या पाया पडायला सगळे येतात!

किरकोळ सूचना. माइकला वाऱ्याचं कव्हर आणा, सकाळची मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, सगळं खाऊन टाकते. लिलावाच्या वेळी कोणाशी बोलू नका. भरती कधी, असं सहज विचारा: तिथीची पाऊणपट करून सांगतील, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. थोडाफार फरक धरून मोबाइलशी ताडून बघा, पोरांना मजा वाटेल. आणि ज्याचं रेकॉर्डिंग त्याच्या घरी त्याची प्रत जाऊ दे, पेनड्राइव्हवर नको, फोनवर टाकून द्या. आबांच्या नातीने सुपाऱ्यांचा हिशेब तिच्या काकांना पाठवला आणि आता आबा आणि त्या काकांत जाळ्याच्या जुन्या वाट्यावरून वाद पेटलाय. तुम्ही याल तेव्हा तो मिटलेला नसला तर बरं, चांगलं बोलतील.

राहायची सोय तारकर्लीला नको, महाग पडतं. माझ्याकडे वरच्या माळ्यावर आठ-दहा जण मावतात. वर्गात कोणी मालवणी समजणारी मुलगी असेल तर तिला नक्की आण, आज्या तिच्याशी माझ्यापेक्षा मोकळं बोलतील. वहिनींना नमस्कार. त्यांना म्हणावं, सोलं वाळवून ठेवलीयत, डबा रिकामा पाठवा.

तुझा,
दिग्या