फॉरमॅट करण्याआधी माउस तर काढून पाहा!

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घरगुती संगणकाच्या नेहमीच्या तक्रारींवर आपल्या पुरवणीत नुकताच जो लेख आला, त्यात पान आपोआप वर-खाली सरकत असेल किंवा कळा दाबूनही भलतीच अक्षरे उमटत असतील तर संगणक फॉरमॅट करून, म्हणजे डिस्क पुरती पुसून, विंडोज नव्याने टाकून घ्यावे, असा सल्ला एका वाक्यात दिला आहे आणि लेख लगेच पुढच्या विषयाकडे वळला आहे. बाकीचा लेख उपयुक्त आहे, परंतु या एका वाक्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण तो सल्ला मी स्वतः पाळलेला आहे आणि त्यापायी घरखर्चाचा दोन वर्षांचा हिशेब गमावून बसले आहे.

घडले ते असे. आमच्या संगणकावर कोणतेही लांब पान उघडले की ते मधूनच सरसर खाली धावू लागे, कधी मिनिटभर, कधी दहा मिनिटे, आणि मग आपसूक थांबे. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी व्हायरसचे निदान केले आणि फॉरमॅट मारले. हिशेबाची प्रत दुसरीकडे ठेवली नव्हती, हा दोष माझाच. मात्र त्याच संध्याकाळी पान पुन्हा धावू लागले. शेवटी कारण सापडले ते टेबलाच्या खणात. पूर्वी वापरलेला एक वायरलेस कीबोर्ड तिथे पुस्तकांखाली पडून होता, त्याचे बिनतारी संकेत पकडणारा नखाएवढा रिसीव्हर सीपीयूच्या मागच्या बाजूला तसाच खोचलेला राहिला होता, आणि खण उघडताना-मिटताना पुस्तके हलली की त्यांचे वजन बरोबर ‘पेज डाउन’ या कळेवर पडत होते. बिघाड अधूनमधून का होतो, याचे उत्तर त्या खणात होते, आणि आम्ही मात्र डिस्क पुसत बसलो होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते याहून निराळे काय असते?

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की अशा तक्रारीत पहिले काम विचारपूर्वक जोडण्या सोडवण्याचे असावे. माउस काढावा आणि पाहावे. पान सरकायचे थांबले नाही तर कीबोर्ड काढावा. मग गेम खेळण्याचा कंट्रोलर, जॉयस्टिक, चित्रे काढण्याची पाटी, आणि मागच्या बाजूला विस्मरणात गेलेले सगळे छोटे रिसीव्हर एकेक करून काढावेत. एका वेळी एकच वस्तू काढायची, नाहीतर दोष कुणाचा हे कळत नाही. कंट्रोलरकडे तर विशेष लक्ष द्यावे, कारण त्याची दांडी झिजून मध्यापासून किंचित ढळलेली असली की काही प्रोग्राम ती हालचाल पान सरकवण्याचा हुकूम समजतात, आणि खेळ बंद असल्यामुळे त्याच्यावर संशय कोणी घेत नाही. एखादी वस्तू दोषी वाटली तर ती दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावी. तिथेही तेच घडले तर आपल्या विंडोजचा काहीच संबंध नाही हे सिद्ध होते.

याहूनही नेमकी एक परीक्षा आहे आणि तिला पैसा लागत नाही. संगणक सुरू होताना बायोस किंवा यूईएफआय म्हणतात तो मूळ सेटिंगचा पडदा उघडावा. कोणत्या कळेने तो उघडतो हे यंत्रागणिक बदलते, बहुधा एफ-२ किंवा डिलीट. तिथे विंडोज अजून चालूच झालेले नसते. त्या पडद्यावर कशालाही हात न लावता निवडीची पट्टी आपोआप खाली सरकत असेल, तर कळ अडकलेली आहे, आणि विंडोज शंभर वेळा नव्याने टाकले तरी ती सुटणार नाही. तिथे सगळे शांत असेल तर मात्र सॉफ्टवेअरचा विचार करायला जागा आहे.

आता माउसच्या चाकाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच असते. माउसचे जनक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी जो माउस लोकांपुढे मांडला, त्याला बोटाने फिरवायचे चाक नव्हते. ते चाक घरोघरी पोहोचले ते १९९६ साली मायक्रोसॉफ्टने इंटेलिमाउस बाजारात आणल्यानंतर. या चाकाच्या आसापाशी दोन संकेत देणारी छोटीशी रचना असते. काही माउसमध्ये खाचा असलेल्या चकतीतून अवरक्त प्रकाश पलीकडे जातो, तर पुष्कळ साध्या माउसमध्ये धातूच्या पात्या एकमेकींना टेकतात. दोन संकेतांपैकी आधी कोणता आला यावरून चाक वर फिरले की खाली, हे माउसला कळते. धूळ साचली किंवा पात्या झिजल्या की हा क्रम चुकतो, आणि आपण खाली जात असताना पान मध्येच दोन ओळी वर उसळते किंवा एका जागी थरथरत राहते. हे लक्षण दिसले तर माउस संगणकापासून सोडवावा, वायरलेस असल्यास त्याची बॅटरी काढावी, चाकाच्या फटीत हवेचा झोत मारावा आणि चाक दोन्ही दिशांना वेगाने बराच वेळ फिरवावे. बऱ्याचदा तेवढ्याने काम भागते. न भागल्यास माउस बदलणे हे फॉरमॅटपेक्षा केव्हाही स्वस्त आणि निर्धोक. एकदा दाबले असता दोनदा दाबल्यासारखे होणे, हाही असाच झिजेचा प्रकार आहे. तो डाव्या बटणाखालच्या बारीक पातीचा.

यापेक्षा मला अधिक खटकते ते हे की ज्यांना आपण बिघाड म्हणतो त्यांतले कित्येक बिघाड नसतातच. माउसचे चाक हे एक बटणही आहे. ते चुकून दाबले गेले की ब्राउझरमध्ये बाणांचे एक लहान वर्तुळ उमटते आणि मग माउस जरासा हलवला तरी पान त्या दिशेने वाहू लागते. एस्केप दाबले किंवा कुठेही क्लिक केले की ते थांबते. कंट्रोल ही कळ अडकली असेल तर चाक फिरवल्यावर पान सरकण्याऐवजी अक्षरे लहान-मोठी होतात. एक्सेलमध्ये बाणांच्या कळा दाबल्यावर चौकट जागेवर राहून संपूर्ण तक्ताच सरकत असेल तर ‘स्क्रोल लॉक’ चालू झालेले असते; अनेक लॅपटॉपवर ही कळच नसल्याने माणूस गोंधळतो, पण विंडोजच्या पडद्यावरील कीबोर्डात ती मिळते आणि तिथून बंद करता येते. विंडोज १० पासून आणखी एक सोय आहे, ती म्हणजे ज्या खिडकीत आपण काम करत नाही तिच्यावर नुसता बाण नेऊन चाक फिरवले तरी ती सरकते. ज्यांना हे माहीत नाही त्यांना भलतेच पान हलताना दिसते. माउसच्या सेटिंगमध्ये ही सोय बंद करता येते.

कीबोर्डाचीही तीच गत. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून ठेवली की विंडोज ‘फिल्टर कीज’ सुरू करायचे का असे विचारते, आणि बेसावधपणे एंटर दाबले तर ती सुरू होते. त्यानंतर झटकन दाबलेल्या कळांची दखलच घेतली जात नाही, आणि घरातले सगळे कीबोर्ड मेला असे मानून मोकळे होतात. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी ही सोय आहे आणि ती असायलाच हवी. फक्त ती चालू झाल्याचे ओळखता आले पाहिजे. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली तर ‘स्टिकी कीज’, म्हणजे शिफ्ट-कंट्रोलसारखी कळ सोडल्यावरही दाबलेलीच धरण्याची सोय, सुरू करायची का असे विचारले जाते. आपण मराठी आणि इंग्रजी अशा दोन मांडण्या वापरतो, त्यामुळे विंडोज व स्पेस किंवा डावी ऑल्ट व शिफ्ट या कळा एकत्र दाबल्या गेल्या की मांडणी बदलते, आणि पासवर्ड ठिपक्यांच्या रूपात दिसत असल्यामुळे तो देवनागरीत चालला आहे हे लक्षातच येत नाही. शिफ्ट आणि दोन दाबल्यावर ईमेलमध्ये लागणाऱ्या चिन्हाऐवजी अवतरणचिन्ह उमटत असेल, तर अमेरिकीऐवजी ब्रिटिश मांडणी निवडली गेली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

लॅपटॉपच्या बाबतीत टचपॅडवर टेकलेला तळहात आणि ओलसर बोटे ही साधी कारणे झाली. चार्जर लावलेला असतानाच बाण उड्या मारत असेल तर तो काढून पाहावा, कारण अर्थिंग नीट नसल्यास टचपॅडला स्पर्श ओळखताना घोटाळा होतो. मात्र टचपॅड वर उचलला गेल्यासारखा दिसत असेल किंवा आपोआप दाबला जात असेल, तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी तो दाबून बसवण्याचा प्रयत्न न करता लॅपटॉप बंद करावा, चार्जिंगला लावू नये आणि जाणकाराकडून बॅटरी बदलून घ्यावी. या संपूर्ण पत्रात खरोखर घाई करण्याजोगी गोष्ट असेल तर ती हीच.

वायरलेस माउस अडखळत असेल तर आधी बॅटरी बदलावी. तेवढ्याने फरक पडला नाही तर त्याचा रिसीव्हर यूएसबी ३.० च्या डिस्कला किंवा पेन ड्राइव्हला खेटून तर नाही ना, हे पाहावे. असे बहुतेक रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात आणि यूएसबी ३.० मधून होणारा विद्युत गोंगाट त्याच पट्ट्यात येतो. छोट्या एक्स्टेन्शन वायरने रिसीव्हर दूर नेला की बाण सुरळीत चालू लागतो.

सॉफ्टवेअर कधीच दोषी नसते, असा माझा दावा नाही. विंडोजच्या अपडेटनंतर लगेच टचपॅड बिनसला तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा छोटा प्रोग्राम, मागच्या आवृत्तीवर नेऊन पाहणे योग्यच आहे, पण त्यासाठीही डिस्क पुसावी लागत नाही. आणि संगणकात कोणी घुसले आहे अशी भीती वाटत असेल तर इंटरनेट तोडून पाहावे. नेट बंद असतानाही पान सरकतच राहिले तर दूर बसून ते कोणी हलवत नाही, हे उघड आहे. ही भीती वाटत असतानाच पडद्यावर झळकलेल्या अनोळखी क्रमांकावर फोन करणे आणि पलीकडच्या माणसाच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा त्याच्या हाती देणे, हे मात्र मूळ दुखण्यापेक्षा कितीतरी महाग पडते.

आपल्या लेखकांनी पुढच्या अंकात त्या एका वाक्याची दुरुस्ती करावी आणि विंडोज नव्याने टाकण्याचा उपाय, जोडण्या काढून पाहिल्यानंतरचा आणि फायलींची प्रत घेतल्यानंतरचा शेवटचा उपाय म्हणून नोंदवावा, अशी विनंती आहे. आमच्या खणातला तो कीबोर्ड अजून तिथेच आहे. त्याच्या बॅटऱ्या तेवढ्या काढून ठेवल्या आहेत, आणि रिसीव्हर त्याच्याच पाठीला चिकटपट्टीने लावला आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक