आधी मोजे काढायला सांगणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

बाबांच्या तळपायाची जखम भरली. परवा पट्टी सुटली, खाली कोरडी गुलाबी कातडी दिसली आणि मला रडू आवरेना. तिथंच तुमचे आभार मानायचे होते, पण तोंडातून शब्द फुटला नाही. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनीही ते वाचावं असं फार वाटतं.

बाबांना मधुमेह होऊन १८ वर्षं झाली. इतक्या वर्षांत किती वेळा रक्त दिलं, किती रिपोर्ट झाले, गोळ्या किती वेळा बदलल्या याला गणती नाही. पण मोजे काढा, असं त्यांना एकानंही कधी सांगितलं नव्हतं. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला घट्टा आला तेव्हा एकांनी बूटही न उतरवता "कुरूप असेल" म्हणून कुरूपाची पट्टी लावायला सांगितली. ती मी माझ्या हातानं चिकटवली. तिच्यातलं आम्ल कातडी खातं आणि बधिर पायाला ती कधीच लावायची नसते, हे मला तुमच्याकडे आल्यावर कळलं. दुसरीकडे रोज कोमट पाण्यात पाय बुडवून बसा म्हणाले, तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. आणि "दुखत नाही ना? मग कशाला काळजी करता?" हे तर आम्ही तीन ठिकाणी ऐकलं. अहो, दुखत नव्हतं हीच काळजीची गोष्ट होती! त्या लोकांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. पाय उघडे करून बघायला असा कितीसा वेळ लागतो?

तुम्ही फाइल बाजूला ठेवलीत आणि पहिलं वाक्य बोललात ते "मोजे काढू या" हेच. स्टूल खाली ओढून बसलात, मांडीवर टॉवेल पसरलात आणि पाय घ्यायला हात पुढे केलात. बाबांनी पाय आखडून घेतला. पायाला वास येतो म्हणून ते वर्षभर घरातही मोजे घालून वावरत होते. तुम्ही हात तसाच ठेवून "सावकाश, तुम्ही म्हणाल तेव्हा" एवढंच म्हणालात आणि खरोखर थांबलात.

मग पायाला स्पर्श कळतो का ते बघायचा तो नायलॉनचा धागा. १० ग्रॅमचा जोर पडला की वाकणारा. हातात घेतलेला एक तुम्ही परत ठेवलात. आज बऱ्याच जणांना लावलाय, सारखा वापरला की तो मऊ पडतो आणि खोटं उत्तर देतो, त्याला उद्यापर्यंत आराम, असं म्हणून दुसरा काढलात. आधी तो बाबांच्या मनगटाला टेकवून दाखवलात, मग त्यांना डोळे मिटायला सांगितलंत. मी समोर उभी होते. अंगठ्याच्या टोकाला धागा वाकलेला मला दिसला. अंगठ्याच्या मुळाशी वाकला, करंगळीच्या मुळाशी वाकला. बाबा कान देऊन बसल्यासारखे स्तब्ध. दुसरा पायही झाला. आणि मग ते म्हणाले, "करा ना सुरू."

सिस्टर, त्या क्षणी माझ्या पायांखालची जमीन सरकली. तुम्ही मात्र माझ्याकडे पाहिलं नाहीत, घाईनं काही बोललाही नाहीत. धागा खाली ठेवलात आणि त्यांच्या नडगीवर, गुडघ्याच्या जरा खाली, तळहात ठेवलात. "हे कळतंय?" "हो, कळतंय की." "मग हात इथंच ठेवते," असं म्हणून तुम्ही त्यांना सगळं सांगितलंत: खालचं आता कळत नाही, म्हणून रोज डोळ्यांनी बघायचं. सांगून होईपर्यंत तो हात हलला नाही. जिथं स्पर्श कळत होता ती जागा शोधून तुम्ही वाईट बातमी दिलीत. बाकी सगळं विसरले तरी तो हात मी विसरणार नाही.

पुढचं सांगत बसत नाही. घट्टा तासल्यावर आत जखम निघाली, तुम्ही त्याच दिवशी डॉक्टरांना गाठलंत, गुडघ्यापर्यंतचं प्लास्टर झालं. तोवर आम्ही वरून पट्टी लावत होतो आणि बाबा आतल्या त्याच जखमेवर भार देऊन चालत होते, मग ती भरणार कशी?

नंतर मी वाचायला लागले. मधुमेहींच्या पावलांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना १९९९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्या पुन्हा सुधारल्या गेल्या. काही तक्रार नसली तरी वर्षातून एकदा पाय तपासायचेच. पाय बधिर असून आधी जखम होऊन गेलेली असेल, तर दर एक ते तीन महिन्यांनी. इतकं साधं आणि इतकं स्पष्ट लिहिलेलं! म्हणजे आम्हाला परत पाठवणाऱ्यांना हे ठाऊक असायलाच हवं होतं. आणि तुम्ही ते रोज करता. कुणी तपासायला उभं नसताना दमलेला धागा बाजूला ठेवता, निर्जंतुक हत्यारांचं पाकीट पेशंटसमोर फोडता, बोटांमधली ओल एकेक करून टिपता. ही माणुसकी मला फार मोठी वाटते. गोड बोलणारे पुष्कळ भेटले होते. नेमकं काम करता करता माणसाचा मान राखणारं कुणी भेटलं नव्हतं.

बाबा आता रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघतात. बूट घालण्याआधी आत हात घालून चाचपतात. गेल्या आठवड्यात आत शर्टाचं बटण सापडलं, ते त्यांनी तुम्हाला दाखवायला डबीत ठेवलंय. पुढच्या तारखेला येताना जुने आणि नवे, दोन्ही बूट घेऊन येतो, तुम्ही सांगितलं होतं तसे.

तुमची,
त्या बटणवाल्या पेशंटची मुलगी