राणे यांचे ते चार दिवस पूर्ण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परमवीरचक्राची गोष्ट निघाली की 'शत्रूचे किती मारले?' हा प्रश्न आधी येतो. शाळांच्या कार्यक्रमांत मुलांनी मला तो अनेकदा विचारला आहे. म्हणून मी मुद्दाम सेकंड लेफ्टनंट (पुढे मेजर) रामा राघोबा राणे यांची गोष्ट सांगतो. मी स्वतः बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या, रस्ते-पूल बांधणाऱ्या लष्करी अभियंत्यांच्या दलाचा. राणेसाहेब आमच्याच पलटणीचे, कारवारजवळच्या चेंडिये गावचे. १९४० मध्ये साधे जवान म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशच्या लढाईत होते, आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. खांद्यावर तारा लागून चार महिनेही झाले नव्हते, तोच जम्मू-काश्मीरमध्ये पाकिस्तानशी चाललेल्या युद्धात नौशेरा-राजौरी रस्ता मोकळा करण्याचे काम त्यांच्याकडे आले.

८ एप्रिल १९४८. सकाळी अकराच्या सुमारास त्यांची तुकडी सुरुंग काढायला रणगाड्यांपाशी थांबली असताना उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान जागीच गेले, पाच जखमी. त्या पाचांत राणेसाहेब एक. त्यांनी उरलेली माणसे गोळा केली आणि कामाला लागले. संध्याकाळी बरवाली टेकडी हाती आल्यावर रात्री दहापर्यंत शत्रूच्या डोळ्यांदेखत रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढला. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा सुरू.

पुढे दर थोड्या अंतरावर चीडाची (पाइनची) झाडे आडवी पाडलेली, कुठे मोरी उडवलेली. अडथळ्यावर मशिनगन रोखलेली असतेच, नुसते झाड टाकून कोणी निघून जात नाही. आणि सुरुंग काढणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले. गोळ्या येत असतात, उलट गोळी झाडता येत नाही, घाई तर मुळीच करता येत नाही. हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. सुरुंगांनी वेढलेली पाच मोठी झाडे ९ तारखेला अंधार पडला तरी हटली नव्हती. १० तारखेला पहाटे पावणेपाचला साहेब पुन्हा तिथेच, साडेसहाला वाट मोकळी. दुपारी दोनला रणगाडे राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोहोचले. साहेब मात्र मागच्या गाड्यांसाठी रस्ता साफ करत जखमी अंगाने, अन्नविश्रांतीविना रात्री नऊपर्यंत राबले. ११ तारखेला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला, १२ तारखेला आपली फौज राजौरीत होती.

त्यांना परमवीरचक्र हयातीत मिळाले. १९९४ मध्ये पुण्यात ते गेले. कारवारला त्यांचा पुतळा आहे, २०२३ पासून अंदमानातल्या एका बेटालाही त्यांचे नाव आहे. याचा मला अभिमान आहे. पण नाव देऊन काम कळत नाही. आमच्याकडच्या भाषणांत 'जखमी असूनही लढले' एवढ्या एका वाक्यात ते चार दिवस संपतात, आणि त्यांच्याजवळ पडलेल्या दोन सॅपरांचा उल्लेखही होत नाही. परमवीरचक्राच्या मानपत्रात ते केवळ 'दोन जवान' आहेत.

तेव्हा विनंती अशी, की येत्या ८ एप्रिलला आपण हा चार दिवसांचा वृत्तान्त तासवार छापावा. आपल्या वार्ताहराने खडकीला आमच्या मुख्यालयात चौकशी करून त्या दोघांची नावे, गावे मिळवावीत आणि ती राणेसाहेबांच्या नावाशेजारी त्याच आकारात द्यावीत.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, बॉम्बे सॅपर्स