आठावर अडकणारा काटा

इंदूर, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

दोन वर्षं तुला फोन नाही, आणि आता रात्री साडेअकराला लिहायला बसलोय, कारण आज जे झालं ते घरात कुणाला सांगून उपयोग नाही. आईचा गुडघा तसाच, माझं बीपी गोळीवर ठीक. आता ऐक.

सोयाबीनच्या गोदामांसाठी मी इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांचे सर्किट बोर्ड केलेत, चाळीस गेले. दिवाळीनंतर तक्रारी सुरू, काटा मधेच हँग होतो. वजन ओळखणारा लोडसेल बदलला, प्रोग्राम तीनदा चाळला, शेवटी त्यांना सांगितलं की तुमची लाइन खराब आहे, आणि स्टॅबिलायझर घ्यायला लावले. मग परवा तिथला हम्माल म्हणाला, "भिया, ये आठ पे अटकता है." त्याने वजनं रचून ८८.८ करून दाखवलं आणि काटा गप्प! आठ म्हणजे डिस्प्लेवरच्या आकड्याच्या सातही पट्ट्या, सेगमेंट, एकदम पेटतात रे, आयसी एका झटक्यात सगळ्यात जास्त करंट मागते ती तेव्हाच. त्या माणसाला तू नोकरीवरच ठेवला असतास.

आज स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारा) लावला, प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून छोटी स्प्रिंग लावली (लांब वायर स्वतःच गोंधळ दाखवते, हे तूच शिकवलंस). आयसीच्या पिनवर ३.३ व्होल्टचे २.६ होत होते, काही नॅनोसेकंदांपुरते. आणि डीकपलिंगचे कपॅसिटर, आयसीला असा झटक्याचा करंट जवळून पुरवणारे? आहेत ना, दहाच्या दहा, बोर्डच्या कडेला एका ओळीत. तीच ओळ, जिच्यावरून रामबागच्या खोलीत आपण दोन दिवस बोललो नव्हतो. तू म्हणायचास पिनला चिकटून हवा, मी म्हणायचो जोडलेला तर आहे, शिवाय नीट दिसतो. पट्टीने मोजलं, २२ मिमी. ट्रॅकच्या मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेनरी इंडक्टन्स धर, जाऊन-येऊन ४० च्या आसपास, ५ नॅनोसेकंदांत १२० मिलिअँप मागितले की हिशेबाने जवळजवळ १ व्होल्ट वाटेतच पडतो. स्कोपवर ०.७ दिसला, म्हणजे जुळतंच. मग जेल रोडवरून आणलेला एक साधा १०४, म्हणजे १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर, चिमट्यात धरून सरळ पिनांवर टाकला. खड्डा ०.१ वर आला. दुपारभर ८८.८ चालू होतं, मी नुसता बघत बसलो.

स्टॅबिलायझरचे पैसे परत करणार, ते उद्याच. झोप उडालीय ती चाळीस बोर्डांमुळे. गोदामात बसून चाळीस वेळा पिनांवर कपॅसिटर चिकटवता येतील, पण हादऱ्याने सिरॅमिकला तडा गेला तर तो बरेचदा शॉर्टच होतो, मग अख्खा सप्लाय गेला. त्यापेक्षा नवा बोर्ड करून सगळे बदलून द्यावेत असं वाटतंय, खर्च अंगावर येईल तर येऊ दे. त्यातच डेटाशीट उघडली तर ५ व्होल्टच्या लाइनवरचा माझा १० मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर, ६.३ व्होल्टवाला, तेवढ्या व्होल्टेजला निम्म्याहून कमी उरतो. दोन टाकतोय, मोठ्या पॅकेजचे.

एका गोष्टीत मात्र मी अजून हटत नाही. तू प्रत्येक पिनला १०० नॅनो, १० नॅनो, १ नॅनो अशी तिघांची वरात लावायचास ना, ते चूकच होतं. पॅकेज एकच तर इंडक्टन्सही जवळपास तेवढाच, उलट दोघांच्या मधे अँटीरेझोनन्सचा उंचवटा तयार होतो, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला अडथळा वाढतोच. १०० नॅनोचे दोन टाक, भांडण मिटलं.

वहिनींच्या बदलीचं ऐकलं, कळव. चिनू बारावीला ना? शुभेच्छा सांग त्याला. सराफ्यात खायला एकट्याने जायला नको वाटतं, उन्हाळ्यात या सगळे.

नवा लेआउट सोबत पाठवतोय. मंगळवारी फॅबला, बोर्ड बनवणाऱ्याकडे, द्यायचाय, त्याआधी बघ. मुख्य आयसीच्या खाली डावीकडे, कपॅसिटरच्या ग्राउंड पॅडला व्हाया (थर जोडणारं भोक) अगदी लगेच टाकलाय, पण शेजारच्या दोन कपॅसिटरांनी एकच व्हाया वाटून घेतलाय, जागाच नाही रे तिथे. तो वेगळा करायला कुठला ट्रॅक हलवू ते सांग.

तुझा,
दिल्या