‘मँगो स्ट्रीट’ गाइडातून शिकवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी विषयाच्या वाचनयाद्या लागल्या की कोल्हापुरात कॉलेजांच्या आसपासच्या झेरॉक्स दुकानांत नोट्सच्या थप्प्या दिसू लागतात. सांद्रा सिस्नेरोस यांची ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ ही कादंबरी ज्या यादीत असते, तिथं मूळ पुस्तकाआधी तिचं ‘कथासार’च पोरांच्या हातात पडतं. शिकागोतल्या एका गल्लीत वाढणाऱ्या एस्पेरान्सा या मेक्सिकन-अमेरिकन मुलीचं हे पुस्तक १९८४ साली ह्यूस्टनच्या आर्ते पुब्लिको प्रेसनं काढलं. शंभर-सव्वाशे पानांचं पुस्तक, भाषा आठवीतल्या पोरालाही झेपेल अशी. मनात वाचायला तीन-चार तास पुरतात. ज्याचं सार पाठ करायला पुस्तक वाचण्यापेक्षा जास्त वेळ जातो, त्याचं सार हवंय कशाला?

गाइडाची अडचण आळसापुरती नाही. या पुस्तकात ४४ प्रकरणं आहेत. प्रकरणं म्हणायची, पण ते तुकडेच. काही पाऊण पानाचे, मोठ्यात मोठे चार-पाच पानांचे. एकातून दुसऱ्यात जाणारं कथानक जवळपास नाही. दुसरा तुकडा फक्त घरातल्या माणसांच्या केसांवर आहे, बाराव्यात परक्या वस्तीत शिरताना वाटणारी भीती आहे. सार लिहिणारा असल्या तुकड्यांत ‘घटना’ शोधतो, ती सापडत नाही, म्हणून तुकडाच गाळतो. मग उरतं एवढंच : गरीब मुलगी, वाईट वस्ती, मोठं होऊन घर घेण्याचं स्वप्न. त्यातून उत्तरपत्रिकांत दरवर्षी ठरलेली चूक येते, की एस्पेरान्सा शेवटी स्वतःचं घर घेते. ती घेत नाही. ४३ व्या तुकड्यात ती अशा घराचं चित्र डोळ्यांपुढं आणते, आणि ४४ व्यात मागं राहिलेल्यांसाठी परत यायचं ठरवून निघून जाण्याबद्दल बोलते. पुस्तक संपतं तेव्हा घर नाही, लिहिणं आहे.

मग शिकवायचं कसं? कथानक सोडून वस्तू धरायच्या. वहीच्या आडव्या पानावर चार रकाने आखावेत : तुकड्याचा क्रमांक, त्यातली बाई किंवा मुलगी, ती घरात नेमकी कुठं आहे, आणि तिला तिथं कुणी ठेवलंय. पहिल्या वाचनात एवढंच भरायचं. ४४ तुकडे संपेपर्यंत तक्ता पुस्तकाबद्दल बोलायला लागतो.

खिडकीचंच बघा. चौथ्या तुकड्यात एस्पेरान्साची पणजी येते. डोक्यावर पोतं टाकून पणजोबानं तिला उचलून नेलं, आणि पुढचा जन्म तिनं खिडकीतून बाहेर बघण्यात काढला. पणतीला, म्हणजे एस्पेरान्साला, तिचं नाव मिळालंय, खिडकीतली जागा मात्र नकोय. अकराव्यात मारिन. मावशी कामावरून आल्याशिवाय तिला बाहेर पडता येत नाही, आल्यावरही फक्त दारापुढं उभं राहायचं. ३० व्या तुकड्यात तिसऱ्या मजल्यावरची मामासिता खिडकीशी बसून स्पॅनिश रेडिओ ऐकते. ३१ व्यात राफाएला. ती देखणी आहे, पळून जाईल या धास्तीनं नवरा तिला कोंडून ठेवतो. मंगळवारी तो डॉमिनो खेळायला जातो, म्हणजे उशिरा परततो. त्या दिवशी ती खिडकीतून पोरींकडं डॉलरची नोट टाकते, कपडे वाळत घालायची दोरी खाली सोडते, आणि पोरी कागदी पिशवीतून नारळाचा किंवा पपईचा रस वर पाठवतात.

इथं वर्गात हमखास गोंधळ होतो. दोरीला पिशवी बांधून वरच्या मजल्यावरून भाजी घेणं आपल्या पेठांतल्या जुन्या वाड्यांत, चाळींत सगळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळं पोरांना हा तुकडा गमतीचा, शेजारधर्माचा वाटतो. दाराचं कुलूप नजरेतून सुटतं. तिसऱ्या-चौथ्या रकान्याचा उपयोग इथं कळतो. ‘कुठं आहे’ : खिडकीत. ‘कुणी ठेवलं’ : नवऱ्यानं, कुलूप लावून. एवढं लिहिलं की हसू आपोआप थांबतं, शिक्षकाला व्याख्यान द्यावं लागत नाही.

आणि मग ४० वा तुकडा. बापाच्या मारापासून सुटायला एस्पेरान्साच्या मैत्रिणीनं, सॅलीनं, लग्न केलंय. नवरा मार्शमॅलो विकणारा, शाळेच्या बझारात भेटलेला. आठवीच्या आधी लग्न कायद्यात बसतं अशा दुसऱ्या राज्यात जाऊन त्यांनी ते उरकलंय. त्याच्या परवानगीशिवाय बाहेर जायची तिला भीती वाटते, आणि तो तिला खिडकीतून बाहेरही बघू देत नाही. म्हणून ती घरातल्या वस्तू बघत बसते, फरशीवर अंथरलेल्या लिनोलियम नावाच्या आच्छादनावरचे गुलाब, भिंतींचे नीट जुळलेले कोपरे. पणजीच्या वाट्याला निदान खिडकी होती. तक्त्यात चौथ्या आणि ४० व्या तुकड्याच्या ओळी शेजारी आणल्या की हे विद्यार्थ्याला स्वतःचं स्वतःला दिसतं. कुठलंही गाइड हे दाखवू शकत नाही, कारण गाइडात ‘सॅलीचे लग्न होते’ एवढंच असतं.

चपला-बुटांचा धागाही असाच काढता येतो : १७ व्या तुकड्यातल्या उंच टाचा, १९ व्यातला नव्या झग्याखालचा जुना शाळेचा बूट, ३० व्यातला मामासिताचा इवलासा गुलाबी बूट, ३२ व्यातले सॅलीचे काळे बूट. ३८ व्यात माकडांच्या बागेत एस्पेरान्साला स्वतःचे पाय स्वतःचे वाटेनासे होतात, तिथं हा धागा संपतो. मात्र दोन धागे पुरेत. पाच-सहा दिले की पोरं पुस्तक सोडून वस्तूंची यादी करत बसतात.

वेळेचं गणित सांगतो. ४८ मिनिटांच्या तासाला चार तुकडे, म्हणजे अकरा तास, आणि तक्त्यासाठी बारावा. सुरुवातीचे लहान तुकडे पाच-पाच घेतले की ३९ व्यासाठी अख्खा तास मोकळा मिळतो. तुकडे वर्गात मोठ्यानंच वाचावेत. लेखिकेनं संवादाला अवतरणचिन्हं दिलेली नाहीत, त्यामुळं मनात वाचणारा कोण बोललं ते चुकतो आणि आईचं वाक्य मुलीच्या तोंडी घालतो. यावर उपाय पेन्सिलचा. वाचायच्या आधी प्रत्येक बोललेल्या वाक्यापुढं बोलणाऱ्याचं आद्याक्षर टाकायचं. १८ वा, भाताच्या सँडविचचा तुकडा यासाठी उत्तम. त्यात मुलगी, आई आणि शाळेची सिस्टर सुपीरियर अशा तिघी बोलतात, आणि आवाज वेगळे काढले की सिस्टरचा तोरा कानाला लागतो.

संदर्भाची तयारी अर्ध्या तासात होते, पण ती टाळल्यानं फार नुकसान होतं. उत्तरपत्रिकेत ही सगळी माणसं सरसकट ‘स्पॅनिश लोक’ होतात. स्पेनचा इथं काही संबंध नाही. एस्पेरान्साचं घर मेक्सिकन मुळाचं, शेजारच्या लुई आणि मारिनचं पोर्तो रिकोचं, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटाचं. हा फरक कायद्याचाही आहे. पोर्तो रिकोच्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व १९१७ साली मिळालं. (शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं ते हेच वर्ष, त्यामुळं कोल्हापूरच्या पोरांना सन पाठ करावं लागत नाही.) मेक्सिकोतून आलेल्या मजुराला मात्र कागद लागतात. हे माहीत असेल तरच २५ वा तुकडा उलगडतो. हेराल्दो नाचाच्या हॉलमध्ये मारिनला भेटतो, त्याच रात्री गाडीनं उडवल्यावर इस्पितळात मरतो, आणि त्याचं आडनावही कुणाला ठाऊक नसतं. मारिन ‘कागद असलेली’ आहे, तो नाही. हे न सांगता शिकवलं तर ती नुसती अपघाताची बातमी होते.

‘लेखिका म्हणजेच एस्पेरान्सा’ हे दुसरं ठरलेलं वाक्य. सिस्नेरोस १९५४ साली शिकागोत जन्मल्या, सहा भावांतली एकुलती एक बहीण. एस्पेरान्साला दोन भाऊ आणि नेनी नावाची धाकटी बहीण आहे. नेनीला सांभाळायची जबाबदारी पुस्तकभर तिच्या मागं असते, आणि ती लेखिकेच्या घरातून आलेली नाही. आयोवात लेखनाचं शिक्षण घेतल्यावर सिस्नेरोस शिकागोत, शाळा अर्ध्यावर सोडलेल्या तरुण मुलामुलींना शिकवत होत्या. त्या मुलींच्या आयुष्यातलं बरंच काही या तुकड्यांत उतरलंय. म्हणजे ‘मी’ एक असली तरी आयुष्यं अनेक आहेत. आत्मचरित्र म्हणून मोकळं होणं सोपं, पण चुकीचं.

आता जे तुकडे वर्गात गाळून पुढं जातात त्यांच्याबद्दल. २१ व्यात पहिल्या नोकरीच्या दिवशी एक वयस्क माणूस वाढदिवसाचं निमित्त करून एस्पेरान्साचं बळजबरीनं चुंबन घेतो. ३९ व्यात जत्रेसारख्या ठिकाणी सॅलीची वाट बघत असताना तिच्यावर अत्याचार होतो. ‘हे तुम्ही घरी वाचा’ म्हणून पुढं गेलं की ४१ व्या तुकड्यातल्या तीन म्हाताऱ्या आणि शेवटचं परत येणं, दोन्ही लोंबकळत राहतात. कुणासाठी परत यायचं, हे ३९ आणि ४० मध्ये ठरतं.

शिकवताना काही पथ्यं पाळावीत. आदल्या तासाला विषय सांगून ठेवावा, ज्याला बाहेर बसायचंय त्याला कारण विचारू नये. ३९ वा तुकडा विद्यार्थिनीला वाचायला लावू नये, शिक्षकानं स्वतः वाचावा. ‘नेमकं काय घडलं’ हा प्रश्न विचारू नये. मजकूरच तुटक आहे, आठवण जशी तुटक येते तसा, आणि राग सगळ्यात आधी खोटं बोलणाऱ्या सॅलीवर, पुस्तकांनी-सिनेमांनी सांगितलेल्या गोष्टींवर निघतो. चर्चा त्या रागावर करावी. सगळ्यात महत्त्वाचं, ‘तुमचा असा अनुभव लिहा’ असा स्वाध्याय कधीही देऊ नये. अकरावी-बारावीतली बहुतेक मुलं अठराच्या आतली असतात. अशा मुलानं काही सांगितलं तर २०१२ च्या पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं शिक्षकावर बंधनकारक आहे. ‘आपल्यातच राहील’ असं वचन देऊन मग ते मोडणं म्हणजे त्या मुलीचा दुसऱ्यांदा विश्वासघात. कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीतल्या बाईंना आधी कल्पना द्यावी, फळ्याच्या कोपऱ्यात १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेवावा, आणि तास सुरू करावा.

लेखनाचा स्वाध्याय द्यायचा तर ‘माझी गल्ली’ हे शीर्षक टाळा. लगेच ‘आमची गल्ली आदर्श आहे, तालमीचा गणपती मानाचा आहे’ असा निबंध येतो. दीडशे शब्द, एकच वस्तू : जिना, सामाईक नळ, बंद असलेलं दार. ‘गरीब’, ‘सुंदर’, ‘दुःखी’ हे तीन शब्द वापरायचे नाहीत. नावं बदलायची. पहिल्या तुकड्यात एस्पेरान्साचं घर असंच उभं राहतं : झिजत चाललेल्या विटा, फुगून बसलेलं आणि रेटल्याशिवाय न उघडणारं दार. गरिबी हा शब्द न वापरता ती दिसते. राधानगरी, गारगोटीकडून पहाटेच्या एसटीनं येणाऱ्या मुलींना १४ वा तुकडा आधी द्यावा. आई गेल्यावर पहाटे उठून घरच्या पोळ्या करणारी, दोन रेल्वे आणि एक बस बदलून विद्यापीठात जाणारी आलिसिया त्यांना समजावून सांगावी लागत नाही. उलट, तिला उंदरांची आणि बापाची भीती का वाटते, हे त्या मुलीच वर्गाला सांगतात.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनाही एक विनंती. ‘एस्पेरान्साचे व्यक्तिचित्र रेखाटा’ हा प्रश्न निदान दोन वर्षं बाजूला ठेवावा. त्याचं उत्तर गाइडात तयार असतं. त्याऐवजी एखादा पाऊण पानी तुकडा छापून द्यावा आणि तो आणखी कुठल्या दोन तुकड्यांशी जोडता येतो, कशावरून, ते विचारावं. ज्यानं पुस्तक उघडलंच नाही तो इथं थांबतो, आणि ज्यानं वाचलंय त्याला मोडक्या इंग्रजीतही गुण मिळवता येतात.

ग्रंथालयांनी प्रती घेताना २००९ ची पंचविसाव्या वर्षाची आवृत्ती मागवावी. तिच्या सुरुवातीला लेखिकेनं पुस्तक कसं घडलं ते स्वतः लिहिलंय. वर्गाला पाच प्रती पुरतात. तुकडे आखूड असल्यानं पुस्तक एका रात्रीत हातावेगळं होऊन सकाळी परत येतं.

आपले,
इंग्रजी शिकवणारे काही शिक्षक, कोल्हापूर