रस्सा, जांभळं आणि बाबांची गोळी

ती. आई-बाबांना सा. न.

आईनं फोनवर रिपोर्ट वाचून दाखवला, युरिक ॲसिड ८.४. आणि बाबा, तुम्ही मागून ओरडून सांगितलंत, "जांभळाची पावडर चालू केलीया, गोळी बंद!" फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.

जांभळानं युरिक ॲसिड उतरतं, हे पावडरवाल्याचं म्हणणं सगळंच खोटं नाही. मटण-मासळीसारख्या खाण्यातून येणाऱ्या प्युरीन नावाच्या घटकाचं शरीरात युरिक ॲसिड करतं ते झँथिन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम. तुमची ॲलोप्युरिनॉलची गोळी त्यालाच अडवते. जांभूळ-कोकमाला रंग देणारं अँथोसायनिन आणि कांद्यातलं फिकट पिवळं क्वेर्सेटिन हीसुद्धा प्रयोगशाळेत त्याच एन्झाइमला आवर घालतात. पण काचेच्या नळीत जमलेलं पोटात तसंच जमेल असं नाही, कारण ही रंगद्रव्यं रक्तात फार कमी उतरतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२ निरोगी पुरुषांना रोज ५०० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन चार आठवडे दिलं. युरिक ॲसिड उतरलं, पण थोडंसंच. आणि तेवढं क्वेर्सेटिन कांद्यातून मिळवायचं तर दिवसाला किलोपेक्षा जास्त कांदा खावा लागेल! तुम्हाला युरिक ॲसिड आणायचंय ६ च्या खाली. ते जांभळाच्या जोरावर होणार नाही. जांभळं हंगामात खुशाल खा, गोळी मात्र आजपासून परत सुरू. नको वाटत असेल तर डॉक्टरांशी भांडा, परस्पर बंद करू नका.

आता खरं दुखणं. "मी फोडी कुठं खातो, नुसता रस्सा पितो," हे तुमचं नेहमीचं. अहो, मटण शिजताना प्युरीन पाण्यात उतरतं. पांढरा रस्सा म्हणजे तेच पाणी, आणि तुम्ही तो वाटीवर वाटी ओरपता. तांबड्याचा रंगही कामाचा नाही, तो मिरचीतल्या कॅप्सँथिनचा, त्याची जातच वेगळी. आखाडात त्र्यंबोलीच्या जत्रेला एखादी वाटी घ्या, मी काही बघायला येत नाही. पण दर बुधवार-रविवार नको.

आई, तू डाळी बंद केल्यास त्या परत चालू कर. ४७,१५० पुरुषांची १२ वर्षं पाहणी झाली, त्यात गाउटचा, म्हणजे युरिक ॲसिडनं सांधे सुजून दुखण्याचा, धोका मटण-मासळीनं वाढलेला दिसला, प्युरीनवाल्या भाज्या-डाळींनी नाही. दूध-ताक तर चांगलंच. कोकमाचं सरबत साखर न घालता कर. साखर, गूळ, उसाचा रस यांतलं फ्रुक्टोज युरिक ॲसिड वाढवतं. आपल्या कोल्हापुरात हे सांगणं म्हणजे पापच, पण सांगते.

आणि बाबांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, ते डॉक्टरांना विचार. काही गोळ्यांनी युरिक ॲसिड चढतं. पाकिटाचा फोटो मला पाठव, आजच.

तुमची,
लेक