शॅकल्टन यांची आठवण ठेवायला हवी

महोदय,

आपल्या क्रीडा पानांवर इंग्लंडचा विषय निघाला की कसोटीवीरच दिसतात. आयुष्यभर काउंटीची (इंग्लंडमधील स्थानिक संघांची) चाकरी केलेल्यांना मात्र चार ओळीही मिळत नाहीत. हॅम्पशायरचे मध्यमगती गोलंदाज डेरेक शॅकल्टन यांचेच घ्या. 1949 ते 1968 अशा सलग 20 मोसमांत त्यांनी प्रत्येक वर्षी किमान शंभर बळी घेतले. प्रथम श्रेणीत एकूण 2857! वेग बेताचाच, पण टप्पा आणि दिशा इतकी अचूक की फलंदाजाला फटकावण्याजोगा चेंडू मिळायची मारामार. 1961 साली हॅम्पशायरने पहिल्यांदा काउंटी विजेतेपद पटकावले, त्यात या अखंड गोलंदाजीचा वाटा फार मोठा.

आणि कसोट्या किती? अवघ्या सात. 1951-52च्या भारत दौऱ्यात दिल्लीला एक खेळले, मग अकरा वर्षे कोणी विचारले नाही. 1963 मध्ये वयाच्या 38व्या वर्षी लॉर्ड्सवर वेस्ट इंडिजविरुद्ध बोलावले, तर गड्याने सामन्यात सात बळी घेतले. त्याच सामन्याच्या शेवटच्या षटकात ते धावबाद झाले आणि हाताला प्लास्टर घातलेले कॉलिन कौड्री मैदानात उतरले. लोकांना कौड्री आठवतात. धावबाद कोण झाले, हे क्वचितच कोणी सांगतो.

मला हा निवड समितीचा सरळसरळ अन्याय वाटतो. आपण काउंटी खेळाडूंवर एखादी लेखमाला जरूर सुरू करावी, आणि पहिला लेख शॅकल्टन यांच्यावर असावा.

– एक क्रिकेटप्रेमी वाचक, पुणे